डावीकडचं चाक

फिल्मच्या डबीचं झाकण उघडलं, की तो आंबटसर वास येतो आणि मला सचिन गावातलं लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आठवतो, जिथे वडिलांनी बावीस वर्षं साड्यांचं कापड विणलं. एके दिवशी तिथले जुने लूम भंगारात निघाले होते, टेम्पो दारात उभा होता, आणि वडिलांचा त्यांच्या लूमसोबत फोटो काढायचाच, असं ठरवून मी जुन्या बाजारात घेतलेला रिळाचा कॅमेरा नेला होता. आत तेलाचा वास होता, पंख्यांवर धाग्यांचा भुरा साचला होता. वडील लाजत उभे राहिले. दहा-बारा फोटो झाल्यावर ते जवळ आले आणि घरच्या अहिराणीत म्हणाले, "हाई चाक फिरत नही, माय. पट्टी पकडेलच नही." पुढे कापड गुंडाळताना मागचा धाग्यांचा बीम फिरतोय ना, हे बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता, म्हणूनच मी फिल्म सरकवत होते तरी कॅमेऱ्याचं डावीकडचं चाक हलत नाही, हे त्यांनाच दिसलं. एकही फोटो निघाला नव्हता. तेवढ्यात भंगारवाले लूम खोलायला पाने घेऊन आले, तशी मी लूमला पाठ लावून उभी राहिले. "फोटो हुए बिना हाथ नहीं लगाने का!" वडिलांनी शांतपणे मागचं झाकण उघडलं, फिल्मच्या पट्टीचं टोक खाचेत अडकवलं, बोटाने ताण पाहिला, आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली. आज माझ्याकडे चौदा जुने कॅमेरे आहेत, पण भिंतीवर त्याच रिळातला फोटो आहे. त्यात वडील लेन्सकडे बघत नाहीत. जरा बाजूला, चाक फिरतंय का, ते बघताहेत.