चुंबकाचं वाण

बर्च स्ट्रीटवर शुभामावशींचं आडनाव फार थोड्यांना माहीत आहे. तेरदाळकर हे काही अमेरिकन जिभेला पेलणारं नाव नव्हे, पण त्याची कधी गरजही पडली नाही. गेली बावीस वर्षं त्या घरातच पाळणाघर चालवतात. त्यांच्या मांडीवर वाढलेली पोरं, गोरी, काळी, मेक्सिकन, आपली, सगळी त्यांना 'माउशी' म्हणतात. पोरांचं ऐकून आईबाप म्हणतात आणि आईबापांचं ऐकून पोस्टमनही म्हणतो.

नेपरव्हिलच्या पूर्वेला, शिकागोला जाणाऱ्या ट्रेनच्या रुळांना टेकून हॅवर्टन नावाचं जुनं गाव आहे, त्यातला हा रस्ता. घरं विटांची, शंभरीला आलेली, दिसायला देखणी. जमिनीखालचं मात्र कुणी बघत नाही. रस्त्याखालच्या मोठ्या जलवाहिनीतून घराच्या तळघरात येणारा नळ त्या काळी शिशाचा घालायचे. शिसं मऊ, हवं तसं वळवता येतं. पोरांच्या मेंदूला मात्र ते विष.

मावशींना हे कळलं ते मागच्या सप्टेंबरात. पाळणाघराच्या परवान्यासाठी पाण्याची तपासणी झाली आणि शिसं निघालं. तपासणीला आलेली बाई भली होती. म्हणाली, "सध्या फिल्टर लावा, प्यायला बाटलीचं पाणी द्या. पण पुढच्या सप्टेंबरला परवाना नवा करायचा तर नळ बदललेला दिसला पाहिजे. नाहीतर तीन वर्षांच्या आतली मुलं ठेवता येणार नाहीत."

मावशींकडची सातही पोरं तीन वर्षांच्या आतली. म्हणजे पाळणाघराला कुलूपच.

खाजगी कंत्राटदाराने नळ बदलायचा जो आकडा सांगितला तो ऐकून मावशींच्या यजमानांनी, एकनाथकाकांनी, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. काका निवृत्त माणूस, जन्मभर कारखान्यात साचे घडवलेले. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायचे. त्या दिवशी एकच बोलले, "नको."

मग मावशी निघाल्या नगरपालिकेत.

तिथे समजलं की पैसा आलेला आहे. राज्याने शिशाचे नळ बदलायला निधी दिलाय, घरमालकाला एक छदाम पडणार नाही. पण गावात जुने रस्ते पंधरा आणि पहिल्या टप्प्यात घेणार चार. ज्या रस्त्यावर निम्म्याहून जास्त घरांत शिसं सिद्ध होईल, तो आधी. बाकीच्यांनी चार-पाच वर्षं थांबायचं.

"बर्च स्ट्रीटवर सिद्ध किती?" मावशींनी विचारलं.

पाणी खात्यातला डेल नावाचा पन्नाशीचा माणूस कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "अठ्ठावन्न घरांपैकी चार. बाकी सगळी 'अनोन'."

"अनोन म्हणजे? घर अनोन आहे का नळ अनोन आहे?"

"आम्ही पत्रक पाठवलं होतं, मॅम. तळघरात जाऊन नाण्याने नळ खरवडा, चुंबक लावून बघा, फोटो पाठवा. लोकांनी पाठवलाच नाही."

पत्रक! ते आलं होतं पिझ्झाच्या कुपनांच्या गठ्ठ्यात. सगळ्या रस्त्याने ते कुपनांबरोबर कचऱ्यात टाकलं होतं, मावशींनीसुद्धा. गेल्या वर्षी अशाच सरकारी निधीतून गावाला आगीचा नवा बंब आला, तेव्हा महापौरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले, बँड वाजवला. बंब हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण जमिनीखालच्या नळाबरोबर फोटो कोण काढणार? नळाची बातमी मग कुपनांच्या गठ्ठ्यातूनच यायची.

"शेवटची तारीख?" मावशींनी विचारलं.

"पंधरा फेब्रुवारी."

"येते," मावशी म्हणाल्या. इचलकरंजीच्या सार्वजनिक नळावरच्या भांडणांत लहानपणी ज्यांनी कधी हार मानली नव्हती, त्यांच्या तोंडचं हे 'येते' काय असतं, ते डेलला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

पण घरोघरी जायचं तरी कसं? दारावर थाप मारली की अमेरिकन माणूस पडद्याआडून बघतो आणि घरात नसल्याचं सोंग करतो. मावशींना युक्ती सुचली ती भोगीची भाजी निवडताना. आपल्याला कुणाच्या तळघरात जायचंच कशाला? बायकांनाच घरी बोलवायचं. संक्रांत आलीच आहे, हळदीकुंकू करायचं. आणि वाण काय लुटायचं?

"चुंबक!" मावशी ओरडल्या.

एकनाथकाका दचकले. "काय?"

"वाण म्हणून चुंबक द्यायचा. ही प्लॅस्टिकची डबडी देऊन देऊन बायकांची कपाटं भरलीत. चुंबक आणि एक पेनी. घरी जा, नळ खरवडा, चुंबक लावा, सांगा."

शेजारची रेणू, नागपूरची, घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. तिने दोन तासांत फोनवर भरायचा फॉर्म बनवून दिला. नियम सोपा होता. खरवडल्यावर नळ पेनीसारखा तांबूस निघाला तर तांबं. पांढरा निघाला तर चुंबक लावायचा. चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर शिसं.

चुंबक मावशींनी गणपतीच्या चित्राचे छापून घेतले. जानेवारीचा शेवटचा रविवार, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मावशींच्या दारात छप्पन्न जोड बूट. कपाळाला कुंकू लावून घ्यायला समोरची मिसेस ओर्टेगा पहिली पुढे झाली. तिळगूळ चघळत बायकांनी नळाचं शास्त्र ऐकलं. एकीने विचारलं, "हा देव नळाचा आहे का?"

"विघ्नांचा आहे," मावशी म्हणाल्या. "नळ त्यातच आला."

आठवड्याच्या आत रेणूच्या फॉर्मवर चोपन्न घरांची उत्तरं आली आणि त्यातली पन्नास शिशाची! मावशींनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या, कागद डेलच्या टेबलावर आपटले आणि म्हणाल्या, "हे घे तुझं अनोन."

घरी येऊन त्यांनी पुरणपोळ्या केल्या. रेणू म्हणाली, "मावशी, तुम्ही तर यार, सिटी कौन्सिललाच उभं राहा."

तीन दिवसांनी, सोमवारी, डेल स्वतः आला. टोपी हातात, बर्फाचे बूट दाराबाहेर काढून. त्याचा चेहरा बघूनच मावशींनी दुधाखालचा गॅस बंद केला.

"माउशी, एक गोंधळ आहे," तो म्हणाला. हाही आता माउशी म्हणत होता. "तुमच्या रस्त्यावर पाच घरांपुढे आम्ही पूर्वी खोदलं होतं. तिथे लोखंड आहे, तशी जुन्या वहीत नोंद सापडली, ती कॉम्प्युटरमध्ये चढलीच नव्हती. तुमच्या कागदात पाचही घरं शिशाची आहेत. आणि अख्ख्या रस्त्यावर लोखंडाचा नळ एकही नाही. असं होत नाही."

मावशी तडक तळघरात उतरल्या, मागोमाग डेल. गणपतीचा चुंबक त्यांनी लोखंडी खांबाला लावला. गोल खांबावरून तो अलगद घसरला आणि जमिनीवर पडला. पातळ, रबरासारखी पट्टी ती. फ्रिजच्या सपाट दारावर बसते, गोल वस्तूवर टिकत नाही. लोखंडालाही चिकटत नाही म्हटल्यावर सगळा रस्ता शिशाचा निघणारच!

"मला वाटलंच होतं," जिन्यावरून एकनाथकाका म्हणाले. "तो चुंबक कुचकामी आहे."

"वाटलं होतं? मग बोलला का नाही?"

"बोललो की. मनात."

मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका दोन पायऱ्या वर चढले.

डेल खालच्या आवाजात म्हणाला, "मी ती पाच घरं खोडतो. बाकी कागद पुढे जाऊ देत. राज्याकडून कुणी एवढं तपासत नाही."

इथे मावशी थांबल्या. वर पोरं झोपली होती, सातच्या सात. पंचेचाळीस अजूनही निम्म्याहून कितीतरी जास्त. गप्प बसलं की नळ येतो. आणि परत मोजायचं म्हणजे? खरं शिसं वीसच घरांत निघालं तर रस्ता यादीतून बाहेर, आणि सप्टेंबरात पोरं बाहेर.

पण मग मावशींचा पारा चढला. "पाच खोटे आणि बाकीचे खरे, हे तुला कुणी सांगितलं? त्या कागदांवर माझ्या शेजारणींच्या सह्या आहेत. माझ्या घरचं कुंकू लावून गेलेल्या बायका. उद्या राज्याने एक जरी नळ खोदून पाहिला तर खोटारडं कोण ठरणार? तू? त्या ठरणार! आण ते कागद. सगळे परत दे."

"माउशी, शुक्रवारी शेवटची तारीख आहे."

"मला वार मोजता येतात."

त्या संध्याकाळी त्यांनी रस्त्यावरच्या सगळ्यांना निरोप पाठवला. शब्द अगदी साधे होते: चूक माझी, चुंबक माझा, परत मोजायचंय, दार उघडा.

आता चांगला चुंबक हवा होता. दुकानातून मागवला तर शनिवारी येणार. मावशी खेळण्यांचं खोकं आवरायला बसल्या, कारण राग आला की त्या आवरतात. तेव्हा हाताला लागला मासे पकडायचा खेळ. लाकडी काठी, तिला दोरी, दोरीला टपोरा चुंबक, आणि नाकात लोखंडी खिळा असलेले रंगीत मासे. मावशींनी काठी उचलली आणि तळघरातल्या त्या खांबाजवळ धरली. दोरी हलली. चुंबक हवेत तिरका झाला आणि टक्‌ करून खांबाला बसला.

त्यांनी तो नळापाशी नेला. चुंबक सरळ लोंबकळत राहिला, जणू त्याचा त्या नळाशी काही संबंधच नाही. म्हणजे स्वतःच्या घरचा नळ नक्की शिशाचा. तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडला.

खेळात काठ्या चार होत्या. मंगळवारपासून एक मावशींकडे, एक रेणूकडे, एक मिसेस ओर्टेगाकडे आणि चौथी एकनाथकाकांकडे. "आता मनात बोलायचं नाही," मावशींनी त्यांना बजावलं, "मोठ्याने मोजायचं." पोरांचे आईबाप आळीपाळीने रजा काढून पाळणाघरात बसले. डेल जेवणाच्या सुट्टीत आणि ऑफिस सुटल्यावर यायचा आणि प्रत्येक घरात स्वतः खरवडून सही करायचा. साठीची बाई लाकडी गळ खांद्यावर टाकून बर्फातून चाललीय आणि मागे नगरपालिकेचा माणूस वही घेऊन, ही वरात बघायला लोक खिडक्यांत उभे राहायचे.

गुरुवारी दुपारी हिशेब लागला. सत्तावन्न घरं झाली होती. शिसं एकोणतीस.

"अठ्ठावन्नचे निम्मे एकोणतीस," रेणू म्हणाली. "आणि त्यांना निम्म्याहून जास्त हवेत. शिट यार, एकाने."

"अठ्ठावन्नावं कोण?"

सगळ्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरचा वॉल्टर हार्लन. ऐंशी वर्षांचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दारावर पाटी: 'विक्रेते नकोत, प्रचारक नकोत, धर्म नको.' हळदीकुंकवाला त्याच्या घरून कोण येणार? आणि दोन दिवसांत तीनदा वाजवूनही त्याने दार उघडलं नव्हतं.

डेलला गाडीतच बसवून मावशी एकट्या गेल्या. बेल वाजवली. पडदा हलला. त्यांनी काठी खिडकीसमोर धरली आणि तिथेच थंडीत उभ्या राहिल्या. दोन मिनिटं, पाच मिनिटं. नाक लाल, पण पाय हलेना.

शेवटी दार चार बोटं उघडलं. "त्या काठीने काय पकडणार तुम्ही?" हार्लन गुरगुरला.

"तुमचा नळ."

"त्या गाठीने? मासा सोडा, मोजासुद्धा लटकणार नाही." त्याने दोरी हातात घेतली. "ही कुणी बांधली?"

"माझ्या नवऱ्याने."

"मच्छीमार आहे?"

"छे! त्याला आमटीत बुडालेला चमचा सापडत नाही."

हार्लनचं तोंड वाकडं झालं. ते हसू होतं, हे मावशींना जरा वेळाने कळलं. तो गोठलेल्या तळ्यात भोक पाडून मासे धरणारा माणूस होता, पन्नास वर्षांचा सराव. दारातच उभं राहून त्याने गाठ सोडली आणि नवी बांधली. मग म्हणाला, "सरकारला माझ्या तळघरात येऊ देणार नाही."

"सरकार गाडीत बसलंय. मी आलेय," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे सात पोरं आहेत, मिस्टर हार्लन. नळ बदलला नाही तर सप्टेंबरात मला त्यांना काढावं लागेल. तुमच्या नळात काय आहे ते मला माहीत नाही. तांबं निघालं तरी तिळगूळ देऊन जाईन."

हार्लनने त्यांच्या लाल नाकाकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं.

तळघरात त्याने स्वतःच नाण्याने नळ खरवडला. चांदीसारखी रेघ उमटली. मावशींनी गळ पुढे केला. नव्या गाठीच्या दोरीवर चुंबक लोंबकळला, स्थिर. मावशींनी दोनदा लावला, तीनदा लावला. चिकटेना.

"वाईट बातमी?" हार्लनने विचारलं.

"तुमच्यासाठी वाईट," मावशी म्हणाल्या, आणि त्या ऐंशी वर्षांच्या माणसाचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "आमच्या सगळ्यांसाठी तीस!"

डेलला मग तळघरात घेतलं, पण बूट काढायला लावून.

मे महिन्यात बर्च स्ट्रीट खोदला गेला. कामगारांना रोज दहा वाजता चहा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आल्याचा मागायला सुरुवात केली. आपल्या नव्या तांब्याच्या नळाला मावशींनी हळदकुंकू वाहिलं तेव्हा मुकादमाने विचारलं, "हे बांधकामाच्या कोडमध्ये आहे का?" मावशी म्हणाल्या, "माझ्या कोडमध्ये आहे."

जुलैअखेर पाण्याचा नवा अहवाल आला. शिसं नाही. मावशींनी तो दोनदा वाचला, फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली लावला आणि फिल्टर काढून ठेवला. मग मिसेस ओर्टेगाचा नातू माटेओ, वय अडीच, याचा प्याला थेट नळाखाली धरून भरला. तो घटाघटा प्यायला.

"कसं लागतं रे?"

माटेओने विचार केला. "लाइक नथिंग, माउशी."

"शाबास," मावशी म्हणाल्या आणि दुसरा प्याला भरायला घेतला. अजून सहा जण रांगेत होते आणि ढकलाढकली सुरू झाली होती.