अक्कांचं ‘कम’

“मास्तर, कम?”

दाराच्या चौकटीवर बांगड्या वाजवून अक्का विचारायच्या आणि उत्तराआधीच आत शिरायच्या. अमळनेरात मी घरीच इंग्रजीची शिकवणी घेतो. शेजारच्या अक्का सत्तरी उलटल्यावर माझ्या विद्यार्थिनी झाल्या, त्याला कारण एकच. मुलगा इंग्लंडात, सून तिकडचीच आणि लहानग्या नातीला मराठीचा गंध नाही.

“मनी नातले मी नुस्ती फोनमानी बाई वाटाले नको,” त्या म्हणायच्या. एवढीच त्यांची परीक्षा होती.

मी ‘कम’पासून सुरुवात केली. कम इन, कम हिअर, कम अँड ईट. अक्कांनी ते लगेच कामाला लावलं. भाजीवाली, गॅसवाला, सगळ्यांना ‘कम इन’. ‘कम हिअर’ म्हटल्यावर मांजर धावत आलं, तेव्हा तर विचारू नका!

“मांजरले बी इंग्रजी समजस, तुम्हना पोरेसले नही!”

पोरं खिदळली. मीही हसलो.

‘गो’ मात्र त्या शिकल्याच नाहीत. कानांवर हात ठेवायच्या. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, हे तुम्हाला मी काय सांगावं? अक्कांचे यजमान एकदा घाईत ‘जातो’ म्हणून बाहेर पडले आणि एसटी स्टँडवरच कोसळले. म्हणून फोन ठेवतानाही अक्का नातीला हात हलवून सांगायच्या, “आय कम, बेटा.”

“अहो अक्का, पोर वाट बघत बसेल!”

“बसू दे. वाट दखनारं कोनी तरी पाह्यजे ना.”

या हिवाळ्यात अक्का दुपारच्या आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मुलगा आला तोवर सगळं उरकलं होतं. परत निघण्याआधी तो माझ्याकडे येऊन बसला आणि त्याने बायकोने पाठवलेला व्हिडिओ दाखवला. त्यांच्या तिकडच्या घरात नात दाराशी छोटी खुर्ची टाकून बसलेली. आजी वारली, हे तिला सांगून झालं होतं. पण ती ऐकेना, आजीने स्वतः सांगितलंय म्हणे. खरं सांगतो, ती खुर्ची अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

व्हिडिओत बाहेर गाडी थांबल्याचा आवाज येतो. पोर उठते, दार उघडून अंधारात बघते आणि इंग्रजीत आईला ओरडून सांगते, “दिवा लाव ना! आजीला पायऱ्या दिसत नाहीत.”