मागचा डावा खांदा

"थांबा हं दादा, जरा वाकतो," असं म्हणून तो समोर मिळेल त्यावर कोपरं टेकायचा. स्कूटरचं हँडल, देवळाचा कठडा, आमच्या दोन वाड्यांमधल्या कुंपणाचा खांब, काहीही चालायचं. मान खाली, पाठ गोल आणि श्वास लहान लहान, कढत चहाचे घोट घ्यावेत तसे.

कुणीतरी चेष्टेने विचारायचं, "काय रे, खाली काय सांडलं?"

"श्वास सांडलाय. सापडला की बोलतो."

लोक हसायचे. मीही हसायचो. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल. तो वाकतो तेव्हा त्याच्याकडे नीट बघा. मी बघितलं नाही.

निर्मळ गावात तो माझा शेजारी. वयाने माझ्याहून बराच लहान. सकाळी केळीची वाडी, मग वालीवच्या एका कारखान्यात लेथवर काम. उंच, रुंद खांद्यांचा. गावात कुणी गेलं की तिरडीच्या मागच्या डाव्या बाजूला तो असणार, हे कुणाला सांगावं लागत नसे. आमच्याकडे लग्नाला न आलेल्याला लोक माफ करतात, खांद्याला न आलेल्याला नाही.

एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि खांद्यापर्यंत गेली. आम्हीच त्याला रिक्षात घालून नेलं. कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या शिरा मोकळ्या आहेत, पण हृदयाभोवती जी पिशवी असते तिला सूज आलीय. पेरिकार्डायटिस.

"अटॅक नाही ना? मग ठीक आहे," सगळे म्हणाले. अटॅक लोकांना कळतो. पिशवीची सूज कुणाला कळणार?

ती गोळ्यांनी उतरली आणि काही महिन्यांनी परत आली. पुन्हा उतरली, पुन्हा आली. मी एकदा विचारलं, "दुखतं म्हणजे नेमकं कसं रे?" तो म्हणाला, "आत कुणीतरी काथ्याने भांडं घासतंय, दादा. भांडं मीच." खोल श्वास घेतला की टोचायचं. आडवं झालं की जास्त. म्हणून तो ओटीवर खुर्ची उलटी फिरवून बसायचा, खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून तिला मिठी मारायचा आणि तसाच झोपायचा.

एका गोळीने पोट बिघडायचं, म्हणून त्याने गावजेवणं सोडली. दुसरीने चेहरा सुजला, गाल वर आले. बायका त्याच्या बायकोला म्हणायच्या, "हल्ली तब्येत छान भरलीय हो यांची!" ती बिचारी मान हलवायची. तो मात्र आरशात बघून म्हणायचा, "सासऱ्याच्या घरी इतका कधी गुबगुबीत झालो नव्हतो."

मधले आठवडे तो चांगला असायचा. स्कूटर चालवायचा, कामावर जायचा. तेच त्याच्या मुळावर आलं. रोज दिसत नाही ते दुखणं लोकांना खोटं वाटतं.

त्यातच माझा धाकटा भाऊ गेला. भाऊ आणि हा शाळेपासूनचे जिवलग. तिरडी उचलली तेव्हा मागची डावी बाजू दुसऱ्याच कुणी धरली होती. हा फाटकापाशी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा होता. मला म्हणाला, "दादा, डॉक्टरांनी जोर करायला बंदी केलीय." मी पुढे चालू लागलो.

त्यानंतर देवळासमोरच्या कट्ट्यावर त्याचा विषय निघाला. कुणीतरी विचारलं, "खरंच इतकं दुखतं का त्याला?" मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मयताला खांदा द्यायचा तर छातीत दुखतं. केळीचे घड उचलताना दुखत नाही. परवा मी डोळ्यांनी पाहिलं."

मी कुंपणावरून पाहिलं होतं ते वेगळंच. घड त्याची बायको उचलत होती. कमरेला पदर खोचून एकेक आणत होती आणि तो नुसती सायकल धरून उभा होता, तिच्याकडे न बघता. मला हे दिसलं होतं आणि मी उलटं सांगितलं. आज इथे लिहितोय ते एवढ्याचसाठी.

गाव माझं ऐकत असे. हळूहळू त्याला कुणी बोलवेनासं झालं. कट्ट्यावर तो आला की लोक विचारायचे, "काय, आज दुखतंय की नाही?" पुढे त्याने तपासणीचे कागद पिशवीत घालून बरोबर ठेवायला सुरुवात केली. ते कुणी पाहायला मागितले नाहीत.

मग माझी बायको गेली. मुलगा मडकं धरून पुढे होता, मी त्याच्या मागे. तळ्याच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. मागच्या डाव्या बाजूला तो होता. कपाळ घामाने भिजलेलं, तोंड मिटलेलं. एकाने म्हटलं, "बदल रे, मी घेतो." त्याने मान हलवून नाही म्हटलं.

एका शब्दाने मी त्याला थांबवू शकत होतो. पण मला तेव्हा बरं वाटलं. आला ना शेवटी, असं वाटलं. बायकोच्या तिरडीपुढे चालताना माझ्या मनात हे होतं.

तेराव्याच्या आत तो इस्पितळात होता. हृदयाच्या पिशवीत पाणी झालं होतं. कमी करत करत अर्ध्या गोळीवर आणलेलं औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. उचलण्यानेच झालं का, हे डॉक्टरांना खात्रीने सांगता येईना. मी भेटायला गेलो. पलंगावर पुढे ओढलेल्या टेबलावर तो डोकं टेकून बसला होता.

"दादा, हे परत यायचंच होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. मग थोडा श्वास गोळा करून, "वहिनींना मात्र पोचवलं मी."

घडांचं मी तेव्हाही बोललो नाही.

त्याची नोकरी सुटली. वाडी कसायला देऊन दोघे नवराबायको मुलीकडे नाशिकला गेले. तिथे तो कधी बरा असतो, कधी नसतो. गेल्या महिन्यात मी फोन करून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हिला दिसला होतात तुम्ही, कुंपणापाशी." म्हणजे दोघांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी तो खांद्याला आला होता.

कट्ट्यावरही मी सांगितलं. "जाऊ द्या दादा, आता कशाला उकरता," म्हणून सगळ्यांनी विषय बदलला.

परवा आळीत एक म्हातारी गेली. तिरडी उचलताना मी फाटकापाशी, भावाच्या वेळी तो होता तसाच उभा राहिलो. मला काही होत नव्हतं, तरी गुडघ्यांवर हात ठेवले. पोरं तिरडी घेऊन पुढे निघाली. एक जण जाताजाता आपुलकीने म्हणाला, "दादा, तुम्ही बसा सावलीत."

मला काय होतंय, हे कुणीही विचारलं नाही.