बाबांच्या टाचांची रेती

माझे वडील चालून चालून गेले, असं आमच्या वाडीत आजही मानतात. खरं तर ते एक दिवसही चालले नव्हते!

हे मला माहीत आहे, कारण त्यांना चालवायचं काम माझ्याकडे होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मालवणात कॉलेजला, बाबा कचेरीत हेडक्लार्क. दिवाळी संपता संपता डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजलं आणि म्हणाले, "मीठ बंद. रोज पहाटे किनाऱ्यावर तीन मैल चाला."

आईने त्याच संध्याकाळी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं : ह्यांचं प्रेशर उतरेपर्यंत मीही अळणीच जेवीन. (देवाने प्रेशरचं यंत्र पाहिलेलं नव्हतं, पण आईला शंका नव्हती.)

पहिल्या पहाटे आम्ही बंदरावरच्या हॉटेलापर्यंत पोचलो. म्हणजे घरापासून दोनशे पावलं. बाबा बाकावर टेकले.

"झिला, तुका झोप इली मां?"

"इली."

"मगे झोप. मी हयसरच आसंय."

मी शेजारच्या बाकावर आडवा झालो. जाग आली तेव्हा बाबा उसळ-पाव हाणत होते, वर मूठभर खारी शेव!

"आवशीक सांगतलंस?"

"तुमी माझा झोपणा सांगतल्यात?"

आईला कुणीच काही सांगायचं नाही, असा करार झाला.

घरी आई पडवीत उभी. "पाय दाखवा बघू!" किनाऱ्यावरून आलेल्या माणसाच्या टाचांना रेती असणारच. आमच्या टाचा लख्ख!

"रेती खंय?"

"समुद्रानच धुवून काढल्यान गो!" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शहाणे झालो. हॉटेलमागे कुणाच्या तरी बांधकामासाठी नदीची रेती टाकलेली होती. पाय ओले करायचे, त्या ढिगात घोळवायचे आणि घरी यायचं. आई खूश. प्रेशर मात्र होतं तिथेच. डॉक्टर चक्रावले. "तीन मैलांनी भागत नाही? चार करा!" आम्ही रेती वाढवली.

त्या घरात खरोखर अळणी जेवत होतं एकच माणूस. आई.

वैशाखात ती विहिरीवर पाणी काढता काढता कोसळली. डॉक्टर म्हणाले, "अहो, यांच्या अंगातलं मीठच संपलंय!" दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "ह्या कसला पाणी?"

"मिठाचं," डॉक्टर बेसावधपणे म्हणाले.

तिने सुई उपटायलाच हात घातला! बाबा ओरडले, "अगो, तू तोंडान खंय खातंस? हातातसून गेलेला मीठ देव धरूचो नाय!"

सुई राहिली. पण पेज? ती अळणीच हवी! मीठ घातलेल्या वाटीकडे तिने पाठ फिरवली. तेव्हा सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि बोललो काय?

"आये, बाबांचा प्रेशर उतरला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईने झोपूनच हात जोडले, मिठाची पेज प्यायली आणि घरी आल्यावर बाबांच्या पानातही मीठ वाढलं. फिरण्याचाच गुण म्हणून पहाटेची फेरीही चालूच; म्हणजे मीठ सकाळी हॉटेलात, दुपारी घरात! प्रेशर उतरलेलंच म्हटल्यावर डॉक्टरांकडे जायचं कारणही उरलं नाही.

गणपतीला आठवडा असताना मला त्या बाकावर जाग आली, तेव्हा बाबा हातात पावाचा तुकडा धरून भिंतीला टेकलेले होते. हाक मारली. हलवलं. हॉटेलवाला धावत आला आणि त्यांच्या हातातला पाव त्याने हळूच काढून घेतला.

त्यानंतर मी जे केलं, ते पस्तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना घरी नेण्याआधी मी मागे गेलो, ओंजळभर रेती आणली आणि त्यांच्या टाचांना लावली.

आईने ती पाहिली. "शेवटापर्यंत चलले हो!" म्हणून तिने हंबरडा फोडला. वाडीतल्या चौघांनी दुसऱ्याच दिवसापासून पहाटेचं फिरणं सोडलं.

आता मी पंचावन्नचा. तोच पट्टा, तोच सल्ला. मागच्या महिन्यात पहिल्यांदा फिरायला निघताना चपला घालत होतो, तर आतून आईचा आवाज आला, "चलू नको रे झिला! तुझो बापूस चलान चलानच गेलो!"

मी पायरीवर बसलो.

"आये, बाबा कधी चललेच नाय."

मग सगळं सांगितलं. उसळ, रेती, सलाईनचा दिवस, शेवटची ओंजळ. ती एवढंच म्हणाली, "आणि मी सहा म्हयने अळणी खाल्लंय."

रडली नाही. शिव्या दिल्या नाहीत. (दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.) थोड्या वेळाने म्हणाली, "ऊठ मेल्या. चल."

तेव्हापासून मी रोज परत आलो की पडवीत पाय पुढे करतो. मोतीबिंदूमुळे तिला नीट दिसत नाही. म्हणून ती टाचेवरची रेती बोटावर घेते आणि जिभेला लावून बघते. खारट लागली तरच मला आत घेते! नदीची रेती खारट नसते, एवढं आता तिला कळलं आहे.

परवा गुडघा फार दुखत होता. निघताना मी मिठाची पुडी खिशात टाकली. हे मात्र तिला अजून सांगायचं आहे.