देवघरातला रिपोर्ट

गेल्या मंगळवारी सकाळी नऊला लॅबच्या खिडकीवर आमच्या शेजारच्या सुमनमावशीची फसवणूक झाली. “रक्तात करोनाच्या अँटीबॉडी भरपूर आहेत मावशी, लस कशाला टोचून घेता?” असं तिथला माणूस हसत म्हणाला. दमा असलेल्या मावशीने रिपोर्ट लॅमिनेट करून देवघरात ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं. “करोना आता माझं काय वाकडं करतोय गं!” म्हणत ती भजनाला गेली.

कालपासून ती खोकतेय, भिंतीअलीकडे मला ऐकू येतंय. अँटीबॉडी जास्त तर धोका कमी, हे खरंच. पण त्या ओसरतात, विषाणू रूप बदलतो, आणि अमुक आकड्यापुढे माणूस सुरक्षित, अशी रेघ कुणीच ओढलेली नाही. हे तिला त्या खिडकीवरच्या माणसाने का नाही सांगितलं?

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लसीचं विचारायला आजच डॉक्टरांकडे न्या.