आबांच्या पोटातली मोटर

बुलढाण्यात नळ आला की माणसं हंडे, बादल्या, टाक्या तर भरतातच, वर चहाचं पातेलंही भरून ठेवतात. पुन्हा कधी येईल, काय भरवसा! सासरच्या किश्श्यांचं माझं तसंच झालंय. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय आणि घरातली सगळी भांडी काठोकाठ भरली. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे ही ऐकतेय असं कोणाला वाटतच नाही. चूक त्यांची!

आधी माणसं ओळखून घ्या. आबा म्हणजे सासरे, सगळी नोकरी नळ खात्यात काढून रिटायर झालेले. आई म्हणजे सासूबाई. माझं लग्न ठरायच्या आधी आबांचं लिव्हर पार गेलं होतं. तेव्हा आईंनी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला आणि संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तो आबांना बसवला. आमचे हे कोर्टात क्लार्क. आणि मी. झालं घर.

*

आई आणि आबा एकमेकांशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही, पद्धत आहे. लोकांसमोर नवरा-बायकोनं एका खाटेवर बसायचं नाही, निरोप तिसऱ्याच्या हाती द्यायचा. पूर्वी हा तिसरा म्हणजे आमचे हे. मी उंबरठा ओलांडला आणि टेलिफोन एक्स्चेंज माझ्याकडे आलं.

"सुनबाई, त्याहिले सांगा, गोळीचा टाइम झाला."

'ते' समोरच बसलेले असतात. मध्ये मी, हातात लसणाची पाकळी.

"सुनबाई, तिले सांगा, घेतली."

"सुनबाई, सांगा, पाकीट तं तसंच दिसून राह्यलं!"

आबा मुकाट्यानं गोळी घेतात. मी तोंड उघडलेलंच नसतं.

देऊळगाव राजाहून मम्मीचा फोन येतो, "सासरी बोलतेस ना गं सगळ्यांशी?" काय सांगू! घरातलं सगळं बोलणं माझ्यामार्फतच चालतं.

*

नव्या लिव्हरचे नियम फार. बाहेरचं खायचं नाही, कच्चं खायचं नाही, मास्क काढायचा नाही. हे डॉक्टरांचे. आईंचे वेगळे.

एका चतुर्थीला आबा सकाळीच ताटावर बसले. आईंनी भाकरीची टोपली मागे ओढली आणि साबुदाणा पुढे सरकवला.

"सुनबाई, तिले विचारा, मले काऊन उपास?"

"त्याहिले सांगा, ते लिव्हर माह्या लग्नाच्या आधीपासून चतुर्थी धरते. आता त्याले मोडाले लावू नका!"

आबांनी साबुदाणा जवळ ओढला. मी साबुदाण्यावर दाण्याचं कूट घातलं.

*

मागे आबा तपासणीला गेले. डॉक्टरांनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि काढेचनात. मग सोनोग्राफी, मग सीटी. शेवटी आम्हाला बसवून त्यांनी कागदावर दोन नळ्या काढल्या.

"ही धमनी, ही लिव्हरकडे जाणारी शीर. दोन्ही वेगळ्या असायला हव्यात. यांच्यात नको तो जोड तयार झालाय. मागे सुईनं लिव्हरचा तुकडा तपासायला घेतला होता ना, त्यानंतर क्वचित होतं असं. धमनीचं जोराचं रक्त शिरेत घुसतंय, त्याचाच हा आवाज."

आम्ही सगळे घाबरलो. आबांचा चेहरा मात्र रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा उजळला.

"म्हन्जे मेन लाइनवर कोनीतरी चोरून टोचा मारला!"

"तसंच समजा. पण तसंच ठेवलं तर दाब वाढत जाईल आणि हेही लिव्हर जाईल. मांडीतून बारीक तार नेऊन आतून बुजवता येतं. उशीर नको."

हेही लिव्हर! आता तिसरं कुठून आणायचं, असं हे पुटपुटले. आईंनी पदर नीट केला आणि एकच वाक्य बोलल्या.

"सुनबाई, डॉक्टरले सांगा, म्या देल्लं तवा आवाज नव्हता!"

*

बातमी गल्लीत फुटली. शेजारचे वानखेडे काका नारळपाणी घेऊन हजर. आबांनी नोकरीत असताना काकांचा चोरून घेतलेला नळ कापला होता, तोही मुलीच्या हळदीच्या दिवशी. तेव्हापासून काकांचं येणं-जाणं बंदच.

"आबासाहेब, ऐकलं ते खरं हाये काय? तुमच्याच पोटात कनेक्शन?"

"हाव."

"चोरून?"

"हाव ना बे!"

काकांनी दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. एवढी वर्षं सांभाळलेला प्रश्न आता नीट मांडायचा होता.

"मंग आधी नोटीस देऊन राह्यले, का डायरेक्ट कट? नाही, माह्यावाल्याले तं देल्ली नव्हती!"

*

आणि आबा अडले. "मले काय दुखते? काहीच नाही. चाबी देल्ल्यावानी चालून राह्यलो. नाही जात!"

ह्यांनी समजावलं. डॉक्टरांनी फोन केला. आबांचं एकच, "डॉक्टरच्या त्या कानातल्या रबरी नळीनं काय लीक सापडते? बाप्पा, आम्ही गजानं शोधलं आयुष्यभर!"

हे खरं होतं. जमिनीखाली पाइप फुटला की आबा लोखंडी गजाचं एक टोक पाइपवर टेकवायचे, दुसऱ्या टोकाला कान. पाणी कुठं गळतंय ते ऐकून सांगायचे. तो गज अजून माळ्यावर आहे. होता म्हणा, त्या दिवशी खाली आला.

आबा खाटेवर आडवे झाले, बनियन वर केलं आणि गज पोटावर उभा धरला. "सुनबाई, तिले सांगा, कान लाव."

"मले नाही ऐकाचं!" म्हणत आई स्वयंपाकघरात गेल्या. तव्यावर भाकरी नव्हती, तरी उलथनं वाजत राहिलं.

मग ह्यांनी कान लावला. आबांची नजर ह्यांच्या तोंडावर.

"काय वाजते?"

"आबा... नळाले मोटर लावल्यावानी. घर्र, घर्र, घर्र."

आबांनी गज बाजूला ठेवला. बनियन खाली ओढलं. मग म्हणाले, "सुनबाई, तिले सांगा, बॅग भर."

*

संभाजीनगरला निघालो तो वाटेतल्या धाड गावच्या बाजाराचा दिवस होता. गाडी गर्दीत अडकली. आबा म्हणाले, "जरा लघवीले जाऊन येतो." बऱ्याच वेळानं आले, मास्क अगदी डोळ्यांपर्यंत चढवलेला.

आईंनी खिडकीतून बाहेर बघतच विचारलं, "सुनबाई, त्याहिले विचारा, भज्यासंग मिरची देल्ली का नाही त्यानं?"

"कोन्तं भजं?" आबा गरजले.

मास्कला तेल लागलं होतं, आणि ते आतून बाहेर येत होतं!

*

शेवटचं सांगते आणि थांबते.

तार घालून झाली. रात्रभर पाय हलवायचा नव्हता, आबांनी हलवला नाही. सकाळी राउंडला डॉक्टर आले, मागे दोन शिकाऊ डॉक्टर, एक सिस्टर. हे खिडकीशी, मी पायथ्याशी. डॉक्टरांनी कानात स्टेथोस्कोप घातला, तेवढ्यात आई स्टुलावरून उठल्या.

"थांबा. पह्यले मी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता आई मला काहीतरी सांगायला सांगतील. नाही सांगितलं. आईंनी पदर खोचला, मास्क नीट केला, खाटेच्या कडेला बसल्या आणि एवढ्या माणसांसमोर वाकून आबांच्या पोटावर सरळ कान टेकवला. डोळे मिटून घेतले.

आबा छताचा पंखा बघायला लागले. पंखा बंद होता.

कोणी हललं नाही. सिस्टरच्या हातातला ट्रेसुद्धा वाजला नाही. आई तशाच.

शेवटी डॉक्टरांनी हळूच विचारलं, "काकू, येतोय का आवाज अजून?"

"नाही बाप्पा," आई मान न उचलता म्हणाल्या, "तो तं कव्हाचाच बंद झाला."