हलक्या हाताचा लटारू

चामोर्शीत लटारूला शिव्या मिळत आणि जंगलातल्या गावांत नारळ. माणूस तोच, टोचणीही तीच. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, सरकारी नोकर होता तो, चांदा जिल्ह्यातला, एकोणीसशे पंचावन्न-छप्पनच्या सुमाराचा.

गाईच्या देवी अंगावर आलेल्या गवळणींना मोठ्या देवी धरत नाहीत, हे विलायतेतल्या एका डॉक्टरनं त्याच्याही दीडशे वर्षं आधी ताडलं होतं. पुढं ती लस वासराच्या कातडीवर वाढवायला लागले. लटारूला ती नागपूरहून काचेच्या बारीक नळ्यांतून यायची. थेंब दंडावर ठेवायचा, दातेरी टोचणी फिरवून कातडी खरचटायची. आठवड्यात फोड उठला, पोराला ताप भरला, की लस लागली. फोड नसेल तर पुन्हा टोचायचं.

पण ही लस उन्हाला फार नाजूक. चामोर्शीत ताजी मिळे, म्हणून तिथं पोरांचे दंड सुजत आणि आया लटारूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. तीच नळी ओल्या फडक्यात गुंडाळून भर वैशाखात अहेरीच्या पुढं पायी नेली, की वाटेतच मरायची. मेलेल्या लसीचा फोड कुठून येणार? तिकडच्या बायांनी मात्र ठरवलं, की लटारूभाऊचा हात हलका, त्यानं टोचलं की देवी रागवत नाही. दुसरा कोणी टोचायला आला तर त्या पोरं लपवायच्या, याला पाट मांडायच्या. आणि हा शहाणा पाटावर बसायचा! आठवड्यानं फिरून दंड बघायचा नियम होता. तो जायचा, कोरे दंड बघायचा आणि नारळ घेऊन परतायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे मला त्यानंच म्हातारपणी सांगितलं, मोहाची घेऊन नव्हे, चांगल्या शुद्धीत.

त्याची मुलगी रंभा तिकडंच दिलेली. तिचा पहिला मुलगा रांगायला लागला होता, तेव्हा शेजारच्या गावात देवी आल्या. तिनं बापाला निरोप धाडला. लटारूनं जाऊन नातवाला टोचलं, गावातल्या इतर पोरांनाही टोचलं. आठवड्यानं पुन्हा गेला. नातवाचा दंड कोरा.

"पाहा बाबा, कायी झालं नाई," रंभा अंगणभर पोराला मिरवत म्हणाली. "ताप बी नाई आला. तुमच्यासारखा हात कोनाचाच नाई."

अंगणात बाया आपापली लेकरं घेऊन जमल्या होत्या. सगळ्यांचे दंड कोरे. नातवाला लस लागली नाही म्हणावं, तर या सगळ्यांना काय सांगायचं? मागच्या साली टोचलेल्या गावांना काय सांगायचं? लटारूनं तोंडाशी आलेलं गिळलं. चामोर्शीहून ताजी नळी आणू, काहीतरी निमित्त काढून पुन्हा टोचू, असं मनाशी म्हणत तो निघाला. निमित्त शोधण्यातच दिवस गेले. मला त्याचा संताप येतो तो इथं.

तो नळी घेऊन पोचला तेव्हा रंभाच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले होते. दोन दिवसांनी पोरगं गेलं. त्या अंगणातली आणखीही गेली.

रंभा बापाच्या गळ्यात पडली. "देवीनं नेलं बाबा. तुमी तं त्याले कायी तरास नाई देला."

त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं होतं, असं लटारू म्हणायचा.

त्यानंतर तो थंडीतच जंगलाकडं जायचा, भरभर चालायचा, आणि दंड कोरा दिसला की पोराला धरून पुन्हा टोचायचा. लटारूचा हात बिघडला, अशी बोंब झाली. नारळ संपले, गावं त्याच्यावर कुत्री सोडू लागली.

रंभाला पुढं मुलगी झाली. ऐन पुसाच्या थंडीत लटारू ताजी नळी घेऊन गेला आणि त्यानं नातीला टोचलं. पोरीला सणसणून ताप भरला, दंड सुजला, मोठा फोड उठला. तो फोड बघून लटारूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आनंदानं. रंभानं पोरीला हिसकून घेतलं.

"एक तं गेलं माझं. आता हे बी मारता का? काऊन टोचलं असं? माझ्या दारात नका येऊ, बाबा."

लटारू उठून वाटेला लागला. बोलायचं तर पहिल्या पोरापासून सांगावं लागलं असतं.

पुढं त्या गावात देवी पुन्हा आल्या, त्या पोरीला शिवल्या नाहीत. पोरगी मोठी झाली, तिचं लग्न झालं. लटारूला बोलावणं नव्हतं.